पिशवीची गाठ सोडणारे हात

पत्र: आम्ही कोथरूडला ४८ फ्लॅटच्या सोसायटीत राहतो. गेल्या सोमवारी कचरा नेणाऱ्या मावशींच्या तळहाताला काच लागली, चार टाके पडले. मी आदल्या रात्री फुटलेला ग्लास कॅरीबॅगमध्ये घालून डब्यात टाकला होता, त्यामुळे पिशवी बहुधा आमचीच होती. सासूबाई इन्सुलिन घेतात, त्यांच्या सुयाही त्याच डब्यात जातात. घरात दीड वर्षाचं बाळ आहे, त्याचे डायपरही तिथेच. यजमान म्हणतात, "आपण महिन्याचे पैसे देतो, आणि एकट्या आपल्या घराने काय फरक पडणार?" मला मात्र झोप लागत नाही. मावशींना काय सांगू? आणि यापुढे नेमकं काय करू?
– एक वाचक, पुणे

ताई, आधी मावशींच्या हाताचं बघू, डब्याचं नंतर.

जखम कचऱ्यातल्या काचेची आहे, म्हणजे घाणेरडी जखम. गेल्या पाच वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं नसेल किंवा आठवत नसेल, तर ते घ्यायलाच हवं. टाके घालताना दिलं का, हे केसपेपरवर लिहिलेलं असतं, तो बघा. टाके काढेपर्यंत तो हात ओला राहता कामा नये, आणि कचऱ्यात तर जाताच कामा नये. त्यांचे जितके दिवस बुडतील तितक्या दिवसांचे पैसे आणि औषधपाण्याचा खर्च तुम्ही द्या. "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका, कारण तसं कोणी सांगत नाही. रक्कम हातात द्या.

दुसरी गोष्ट जड जाईल, पण तीच जास्त महत्त्वाची आहे. त्या पिशवीत सुयाही होत्या, हे त्यांना सांगा. काच लागली ते दिसलं, पण त्याच वेळी सुई टोचली असेल तर ते रक्ताच्या गडबडीत लक्षातही येत नाही. वापरलेल्या सुईतून तीन आजारांची भीती असते: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. यात पहिला सगळ्यात चिवट. त्याचा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. तुमच्या बाबतीत सोयीची बाब ही की सुया कोणाच्या हे ठाऊक आहे. सासूबाईंना नीट समजावून, त्यांच्या संमतीने या तिन्हींच्या रक्ततपासण्या करून घ्या. रिपोर्ट चांगले आले तर मावशींच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरेल. तसे नसतील तर रिपोर्ट घेऊन त्यांच्याबरोबर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा.

एचआयव्ही टाळण्याचं औषध टोचल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, आणि खरं तर पहिल्या काही तासांतच. तुमचं पत्र आमच्या हाती येईपर्यंत ती मुदत टळून गेली. पण पुढे कधी कोणाला सुई टोचली, तर हा क्रम सोसायटीच्या वॉचमनलाही माहीत हवा: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणं, जखम दाबून रक्त न काढणं, तोंडाने न चोखणं, वर स्पिरिट-ब्लीच न ओतणं, आणि दवाखाना उघडायची वाट न बघता थेट सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठणं.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. एका घराने काय फरक पडतो, हा प्रश्न वीज-पाण्याच्या बाबतीत कोणी विचारला तर समजू शकतो. तिथे बेरीज असते, आपला वाटा छोटा असतो. इथे बेरीज नाहीच. ४७ घरांनी काच नीट बांधली आणि एका घराने नाही, तरी हात कापायला ते एक घर पुरतं. दिवसाला दोनदा इन्सुलिन म्हणजे महिन्याला ६० सुया, आणि साखर तपासायच्या टोचण्या वेगळ्या. एवढ्या सुया ती एकच व्यक्ती तुमच्या घरातून उचलते.

पैशांचं म्हणाल तर ते कचरा वाहून नेण्याचे आहेत. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली, तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. या कामात मिळकतीचे दोन भाग असतात. एक घरटी मिळणारं शुल्क, दुसरा सुका कचरा विकून येणारा पैसा. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की भंगारवाला तो घेत नाही किंवा भाव पाडतो. म्हणजे ओलं-सुकं एकत्र टाकणारं घर एका हाताने शुल्क देतं आणि दुसऱ्या हाताने त्यातलं काही काढून घेतं. यजमानांना हे सांगा. हिशेबाची भाषा आहे, पटेल.

हातमोज्यांबद्दलही लगेच बोलू, कारण सोसायटीत पहिला प्रश्न तोच येईल: "त्या ग्लोव्हज का घालत नाहीत?" मावशी काय करतात ते एकदा खाली उभं राहून बघा. पिशवीची गाठ नखाने सोडायची, पिशवी ओतायची, मग दुधाची पिशवी, पुठ्ठा, बाटली, पत्रा बोटांच्या स्पर्शाने ओळखून बाजूला फेकायचं. एका पिशवीला काही सेकंदच मिळतात. जाड मोज्यांत गाठ सुटत नाही आणि ओलं प्लास्टिक निसटतं. पातळ रबरी मोजे आत घामाने चिकचिकतात, काचेने टरकन फाटतात, आणि सुईला तर अडवतच नाहीत. मोजे जरूर द्या. पण सुई अडवण्याची खरी जागा तुमच्या घरात आहे.

काच. ग्लास फुटला की मोठे तुकडे चपला घालून, जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी सुपलीत घ्या. बारीक कण ओल्या वर्तमानपत्राने टिपा. कणकेच्या गोळ्यानेही छान निघतात, पण मग तो गोळा ओल्या कचऱ्यात टाकू नका, तो गाईच्या पोटात जाऊ शकतो. तो काचेबरोबरच बांधायचा. सगळे तुकडे वर्तमानपत्राच्या चार-पाच अख्ख्या पानांत गुंडाळून एखाद्या पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा रिकाम्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि वर मार्करने मोठ्या अक्षरांत 'काच' लिहा. नुसती कॅरीबॅग का चालत नाही? वर दुसऱ्या पिशव्यांचं वजन पडलं की काचेची धार पातळ प्लास्टिक सहज कापते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एकावर एक तीन पिशव्या घातल्या तरी तेच.

हे पार्सल डब्यात टाकायचं नाही. दारात हातात देऊन सांगायचं, "मावशी, यात काच आहे."

एक गैरसमज इथेच दूर करते. पाण्याचा ग्लास, आरसा, खिडकीची काच, चिनी मातीचा कप हे बाटलीच्या काचेबरोबर वितळवायला चालत नाहीत, त्यामुळे त्यांना सहसा भाव नसतो. अख्ख्या बाटलीला असतो. म्हणून सॉसची किंवा दारूची बाटली 'जागा कमी लागते' म्हणून फोडून टाकू नका. फोडलीत तर मावशींचे पैसे जातात आणि हात कापायचा धोका वाढतो.

सुया. फरशी पुसायच्या किंवा कपड्यांच्या लिक्विडची जाड, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्या. पाण्याची बाटली नको, तिचं प्लास्टिक इतकं पातळ असतं की दाबली की सुई आरपार येते. ही बाटली सासूबाई जिथे इन्सुलिन घेतात तिथेच ठेवा, स्वयंपाकघरात नाही. बाटली चार पावलं लांब असली की सुई टेबलावर 'नंतर टाकू' म्हणून राहते आणि संध्याकाळच्या झाडलोटीत केरात जाते. बहुतेक घरांत गडबड नेमकी इथे होते.

पेनची सुई असेल तर तिचं मोठं बाहेरचं टोपण टेबलावर उभं ठेवून एका हाताने सुई त्यात बसवा, फिरवून काढा आणि टोपणासकट बाटलीत टाका. साधी सिरिंज असेल तर छोटं टोपण दोन हातांनी परत लावायच्या भानगडीत पडू नका, सगळ्यात जास्त टोचतं ते त्याच वेळी. सुई वाकवू नका, मोडू नका, तशीच बाटलीत सोडा. ग्लुकोमीटरच्या टोचण्या लोक हमखास विसरतात, त्याही इथेच. पाऊण बाटली भरली की झाकण घट्ट करून चिकटपट्टी फिरवा. पुढे भरायला गेलात तर झाकण लावताना वरची सुई बोटात येईल.

२०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज 'घरगुती घातक कचरा' या वेगळ्या भागात धरल्या होत्या. ओल्यातही नाही, सुक्यातही नाही. आधी सासूबाईंच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा रक्त तपासता त्या लॅबमध्ये विचारा. त्यांचा जैववैद्यकीय कचरा वेगळा उचलला जातो, तुमची बंद बाटली त्यात घेतील का? ते नाही म्हणाले तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांना विचारा. तोवर बाटली कपाटात, बाळाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर. बंद बाटली महिना-दोन महिने राहिली तरी काही बिघडत नाही.

डायपर आणि पॅड. डायपरमधली घट्ट शी आधी संडासात टाका. मग डायपर आतल्या बाजूने गुंडाळून त्याच्याच चिकट पट्ट्यांनी बंद करा, वर्तमानपत्रात बांधा आणि कागदावर लाल पेनने रुपयाएवढा ठिपका काढा. असे बांधलेले सगळे एका वेगळ्या पिशवीत. पॅडचंही असंच. लाल ठिपका दिसला की उघडायचं नाही, हे कचरावेचकांना चटकन कळतं.

पॅड काळ्या पिशवीत घालून घट्ट गाठ मारायची सवय आपल्याकडे लाजेपोटी पडली आहे. पण कचरावेचकाला काळी पिशवी म्हणजे आत काय आहे ते न दिसणारी पिशवी, आत विकण्याजोगं काही असू शकेल अशी पिशवी. ती उघडली जातेच. आपण लपवण्यासाठी जे करतो त्यानेच दुसऱ्या बाईला ते हाताने उघडावं लागतं. म्हणून मोकळेपणाने ठिपका काढा.

आणि पॅड, डायपर, ओले वाइप्स संडासात मुळीच टाकू नका. पॅड-डायपरमधली जेल पाणी शोषून कितीतरी पट फुगते आणि चेंबर तुंबतो. मग सोसायटी कोणालातरी बोलावते, आणि तो माणूस आत उतरतो. मैला हाताने साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी तुंबलेल्या चेंबरपाशी ती विसरली जाते.

ओला कचरा. यातलं निम्मं काम एका सवयीने होतं: ओल्या डब्यात प्लास्टिकची पिशवी लावायची नाही. तळाला वर्तमानपत्राची दोन पानं घाला. आमटी, ताक, चहाचं पाणी आधी गाळून सिंकमध्ये जाऊ द्या, फक्त चोथा डब्यात. ओलं गाठ मारून प्लास्टिकमध्ये ठेवलं की आत हवा जात नाही, रात्रीत आंबतं, पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी अळ्या. मग ती गाठ मावशींनी सोडायची, आत हात घालून पिशवी वेगळी काढायची. डबा सरळ त्यांच्या बादलीत उपडा केला की हे सगळं टळतं. शहाळी आणि करवंट्या वेगळ्या ठेवा, त्या कुजायला फार वेळ घेतात. जुनी ब्लेड, दाभण, टाचण्या एका छोट्या पत्र्याच्या डबीत साठवा. संक्रांतीनंतरचा मांजाही मोकळा टाकू नका, कागदावर गुंडाळून द्या, बोटं कापतो तो.

ही पिशवी पुढे कुठे जाते तेही यजमानांना सांगून ठेवा. पुण्याचा कचरा ज्या गावांत टाकला जात होता, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली, कारण त्यांच्या विहिरींत आणि नाकातोंडात तो गेला. ढिगाऱ्यात दबलेलं ओलं हवेशिवाय कुजून मिथेन वायू होतो, मिथेन पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या कचराडेपोची आग अशी भडकली की धूर शहरभर पसरला.

सुकं त्या मानाने सोपं. दुधाची पिशवी भांडी विसळायच्या शेवटच्या पाण्याने धुऊन ओट्याच्या कडेला वाळवा. कात्रीने कोपरा पूर्ण कापून टाकू नका, तो चिमुकला तुकडा कोणी वेचू शकत नाही आणि गटारात जातो. चीर द्या, कोपरा पिशवीलाच राहू दे. सीएफएल बल्ब, ट्यूब, संपलेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं यांना एक खोकं करून सुयांच्या बाटलीशेजारी ठेवा, तोही घातक कचराच. सीएफएल फुटली तर त्यात थोडा पारा असतो, म्हणून खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. मग जाड कागदाने तुकडे गोळा करून बरणीत बंद करा. झाडू नको, त्याने पारा पसरतो.

आता सोसायटी. व्हॉट्सॲपवर सूचना टाकून हे होत नाही, कारण अनेक घरांत कचरा बांधणारी व्यक्ती त्या ग्रुपवर नसते. स्वयंपाकाच्या ताई, झाडू-पोछा करणाऱ्या मावशी, आजारी माणसाकडे येणारी नर्स, बाळाला सांभाळणारी मुलगी यांच्याच हातांनी डबा भरतो. तुमच्या घरीही आधी त्यांना बसवून दाखवा, तोंडी नाही तर करून. मग तुमच्या मजल्यावरच्या घरांत जा. प्रत्येक घरी दोनच प्रश्न: घरात कोणी इन्सुलिन घेतं का, आणि बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का? ज्यांचं उत्तर हो, त्यांना बाटली आणि लाल पेन तिथल्या तिथे द्या. ४८ घरांत अशी घरं मोजकीच निघतील, पण जास्त धोका त्यांच्याच डब्यात आहे. बाकीच्यांना फक्त काचेचं सांगितलं तरी पुरे. दिवाळीच्या साफसफाईत बरण्या, फ्रेमा, ट्यूब हमखास फुटतात, म्हणून त्याआधीच्या आठवड्यात पुन्हा एकदा सांगा.

पहिले पंधरा दिवस नीट जातील, तिसऱ्या आठवड्यात ढिलाई येईल. पाहुणे आले, कामाच्या ताई सुट्टीवर गेल्या की जुनं सुरू. त्या वेळी मावशींना घराघरात जाऊन तक्रार करायला लावू नका. कचरा नेणारी बाई घरमालकाला "सुई होती" असं सांगायला कचरते, काम जाईल म्हणून. हा निरोप तुम्ही किंवा सेक्रेटरींनी पोचवायचा.

कमिटीत एक विषय मात्र नक्की घ्या. मावशींना लिफ्ट वापरू देता का? चार माणसांच्या घरातून दिवसाला साधारण एक-दीड किलो कचरा निघतो. ४८ घरांचे ५०-७० किलो होतात, आणि ते जिन्याने उतरवायचं. लिफ्ट, वर्गीकरणाला छपराखालची जागा, हात धुवायला नळ आणि साबण, आणि बाईमाणसाला वापरता येईल असा संडास. यातल्या कशालाही खास खर्च नाही, फक्त 'वास येतो' म्हणणाऱ्या दोन-तीन जणांसमोर कोणीतरी ठामपणे बोलायला हवं. या खेपेला ते तुम्ही बोला, ताई.

मावशींना काय सांगू, असं तुम्ही विचारलंत. सरळ सांगा: "काच माझ्या घरची होती, मी नुसत्या पिशवीत टाकली, माझं चुकलं. त्यात सुयाही होत्या. सासूबाईंची तपासणी करतेय, रिपोर्ट तुम्हाला दाखवते." 'बहुधा' हा शब्द गाळा. पिशवी तुमची नसली तरी त्या पद्धतीने काच तुम्ही टाकली होती, तेवढं पुरेसं आहे.

त्यांनी हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का तेही विचारा. बहुतेक कचरावेचकांनी घेतलेली नसते. तीन डोस असतात: पहिला आता, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. पहिल्याला सगळे जातात, तिसरा हमखास राहतो, कारण तोवर हात बरा झालेला असतो आणि सगळं विसरायला झालेलं असतं. म्हणून तिन्ही तारखा तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. तिसरी पुढच्या वर्षात जात असेल तर नवं कॅलेंडर टांगताना त्यावर उतरवून घ्या, आणि त्या दिवशी मावशींना घेऊन तुम्हीच जा.